त्यानं स्टड देऊन टाकले तेव्हा

आमच्या चर्चच्या संडे स्कूलमधला एक पोरगा, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून लिहितेय. फुटबॉलचा वेडा, शाहू स्टेडियमवरची एक मॅच चुकवायचा नाही. बारावीचं वर्ष, नीटचा क्लास, आणि दिवाळीनंतर त्याचं बोलणंच कमी झालं, चिडायचा, रात्र रात्र जागा, उपासनेला आला तरी शेवटच्या बाकावर. घरचे म्हणाले अभ्यासाचं टेन्शन. मलाही तसंच वाटलं, आणि मी काय केलं तर खांद्यावर हात ठेवून म्हटलं, प्रार्थना कर, प्रभू बघून घेईल सगळं. तो हो म्हणाला आणि गेला. आज आठवलं की पोटात कालवतं, कारण तो काहीतरी सांगायलाच थांबला होता आणि मी त्याला वाटेला लावलं.

मग एका रविवारी त्यानं आपले स्टड, म्हणजे फुटबॉलचे बूट, एका लहान पोराला देऊन टाकले. पैसे साठवून घेतलेले, तळाला मैदानाची माती तशीच, लेस गुंडाळून आत खोचलेल्या. आणि त्या दिवशी तो एकदम शांत, जवळजवळ खूश. सगळे म्हणाले, सुधारला बघा. माझ्या मात्र काळजात धस्स झालं. बरेच दिवस उदास असलेलं पोरगं अचानक शांत होऊन जीव लावलेल्या वस्तू वाटायला लागलं तर ती धोक्याची खूण असते. तसंच "मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल" असलं बोलणं, ते तर कधीच सहज घेऊ नका.

चर्चच्या मागच्या पायरीवर त्याला बसवलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतोय काय रे मनात?" विचारताना माझाच आवाज कापत होता. लोकांना वाटतं असं विचारलं की नसलेलं डोक्यात भरतं, तसं होत नाही, उलट पोराला बोलायला वाट मिळते. तो कितीतरी वेळ बुटाच्या टोकानं फरशी खरवडत राहिला, मग म्हणाला, "कुणाला सांगू नका ओ टीचर."

मी म्हटलं, "तेवढं सोडून काय पण माग." कुणाला सांगणार नाही, हे वचन कधीच देऊ नये. त्याला एकटं सोडलं नाही, मम्मी-पप्पांना तिथंच बोलावून घेतलं, घरातल्या गोळ्या आणि शेतातलं फवारणीचं औषध कुलपात टाकायला लावलं, रात्री १४४१६ ला फोन केला (टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात) आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं. पप्पांना पोलिसांची भीती, बाहेर कळलं तर केस होईल म्हणून. नुसता विचार येणं हा गुन्हाच नाही, आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर प्रयत्न केलेल्या माणसाबद्दलसुद्धा म्हणतो की तो तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, सरकारनं त्याची काळजी घ्यायची.

आजीचं दुखणं वेगळंच. तिला वाटत होतं पोराचा विश्वास कमी पडला, मंडळीत काय तोंड दाखवू. मी तिच्याजवळ बसून बायबलमधला १ राजेचा १९ वा अध्याय काढला. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय बघून आलेला, आणि ईजबेल राणीची धमकी आल्यावर रानात झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देव त्याला रागावला नाही हो. झोपू दिलं, देवदूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला घातलं, इथं काय करतोयस हे विचारलं ते पार होरेब डोंगराला पोचल्यावर. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटपर्यंत उजेड नाही, तरी ती प्रार्थनाच आहे ना. आजी बराच वेळ काही बोलली नाही, नुसतं पानावर बोट ठेवून भाकरीची ओळ परत परत वाचत होती.

उपचार अजून चालू आहेत. रात्री आजीच त्याच्यासाठी गुडघ्यावर बसून प्रार्थना करते, मग उठून गोळी हातावर ठेवते आणि तो पाणी पिईपर्यंत तिथंच उभी राहते.