ओबोची वही: एकच 'ए', एक रीड आणि उरलेली हवा

या खेपेला ओबोच्या, म्हणजे शहनाईसारख्या दुहेरी पातीच्या पाश्चात्त्य फुंकवाद्याच्या, रियाजात स्केल्स (आरोह-अवरोह) जवळपास बंद. फक्त लाँग टोन, म्हणजे एकच स्वर लांबवत धरणं, आणि तोही 'ए' या स्वराचाच. सूर मोजणारा ट्यूनर समोर असतो, पण आधी स्वर लावायचा, कानाला स्थिर वाटला की मगच काट्याकडे बघायचं. काटा बघत वाजवलं की ओठ त्याच्या मागे धावतात. स्वर सुरात येतो खरा, पण गळा आवळल्यासारखा.

वाजवण्याआधी सगळा ऑर्केस्ट्रा ओबोच्या 'ए'वरून सूर का लावतो, यावर 'ओबोचा सूर बदलताच येत नाही म्हणून' असं सर्रास सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. रीड (केन म्हणजे बोरूसारख्या काडीच्या दोन पात्यांची फुंकणी) थोडी बाहेर ओढून सूर उतरवता येतो, फक्त आत पोकळी राहते आणि काही स्वर बिथरतात, म्हणून ते टाळलेलं बरं. मुख्य गोष्ट आवाजाची: ओबोचे वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे बारीक स्वर) इतके ठळक असतात की एवढ्या गलक्यातूनही तो आरपार ऐकू येतो. शिवाय ऑर्केस्ट्रात तंतुवाद्यांच्या शेजारी फुंकवाद्यांपैकी तो फार लवकर स्थिरावला. पियानो कॉन्चेर्तोच्या (एकल पियानो आणि ऑर्केस्ट्राच्या रचनेच्या) दिवशी मात्र आपली मिजास संपली, 'ए' पियानोचा. हा 'ए' 440 हर्ट्झचा (सेकंदाला इतकी कंपनं) की 442चा, हे ऑर्केस्ट्रा ठरवणार. आपण रीड त्या बेतानंच करायची.

आता नव्या रीडबद्दल. लांब तासणीची, अमेरिकन धाटणीची. ही पद्धत मार्सेल ताब्यूतोकडून आलेली. 1915 ते 1954 तो फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात पहिला ओबो होता. अशी रीड नुसती ओठांत धरून फुंकली की दोन सप्तकांतला 'सी' एकदम वाजायला हवा. ही त्याच्या खालीच गुरगुरत होती. टोक केसभर कापल्यावर 'सी' आला, पण स्वर उशिरा उमटायचा. पाती भिजवून मध्ये प्लाक (पातळ चपटी पट्टी) सरकवला आणि दिव्यासमोर धरलं, तर एका पात्याच्या टोकाचा डावा कोपरा बाकीपेक्षा गडद. गडद म्हणजे जाड. तिथे सुरी अगदी हलक्या हातानं फिरवली. प्लाकवर पिठासारखी भुकटी पडली, बस्स. त्यानंतर जीभ सुटताच स्वर हजर. मधल्या भागाला हात लावायचा मोह झाला होता. तिथलं केन गेलं की आवाजाचा कणाच जातो, म्हणून सुरी बाजूला ठेवली.

श्वासाचं गणित अजून पक्कं नाही. बाकी फुंकवाद्यांत हवा संपते, आपल्याकडे ती उरते. रीडचं तोंड एवढं अरुंद की छातीतली हवा पुरी वापरलीच जात नाही आणि शिळ्या हवेनं जीव घुसमटतो. म्हणून आधी सोडायची, मग घ्यायची. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत, पहिल्या मूव्हमेंटमध्ये (भागात) सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि ओबो एकटाच तो अडाजिओचा, म्हणजे संथ लयीतला, बार (स्वरलिपीतला एक खंड) वाजवतो. तो आता निभतो, कारण एका श्वासात मावतो. ब्राम्सच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोची संथ मूव्हमेंट वेगळीच: सुरुवातीची सगळी धून ओबोकडे, व्हायोलिनवाला नुसता उभा. तिथे एका जागी फक्त सोडायचं आणि पुढच्या जागी घ्यायचं, असं पेन्सिलीनं मांडून बघतोय. पहिली खूण आणखी अलीकडे घेतली तर ओळ तुटते, पुढे ढकलली तर शेवटचे स्वर लालबुंद चेहऱ्यानं वाजवावे लागतात. ज्यांनी हे वाजवलंय त्यांनी सांगा, तुम्ही हवा नेमकी कुठे सोडता?