दातासाठी नाही, लिव्हरसाठी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावात मी फार्मासिस्ट आहे. कोल्हापूरला बी.फार्म., मग इथे परदेशी फार्मासिस्टांसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, वर्षभर उमेदवारी, परीक्षा, असा ठरलेला रस्ता. उन्हाळ्यात इथले कॅरव्हॅन पार्क माणसांनी फुलतात, हिवाळ्यात अर्ध्या गावाचं शटर खाली असतं. आमचं दुकान मात्र बाराही महिने चालू. आत यायला अपॉइंटमेंट लागत नाही, त्यामुळे ज्यांना जीपी, म्हणजे नेहमीचा फॅमिली डॉक्टर, भेटत नाही आणि डेंटिस्ट मिळत नाही ते सगळे फिरून फिरून आमच्या काउंटरपाशी येतात.

समोरच्याच रस्त्यावर सर्जरी आहे, म्हणजे जीपीचा दवाखाना. सकाळी आठला त्यांच्या फोनच्या लाइन उघडतात आणि आठ वाजून काही मिनिटांनी त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट संपतात. आता ऑनलाइन फॉर्म दिवसभर चालू ठेवणं इंग्लंडमधल्या जीपींना ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक झालंय. फॉर्म भरता येतो, पण समोर बसवून कोणी तपासेलच असं नाही. मेसेज येतो, फोन येतो, नाहीतर ‘फार्मासिस्टला भेटा’ असं उत्तर येतं.

त्या उत्तरातही तथ्य आहे. ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजनेत आम्ही सात आजारांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध देऊ शकतो. त्यात घसा, कान, सायनस, नागीण, बायकांचा साधा लघवीचा संसर्ग, चावलेल्या किड्याची चिघळलेली जखम आणि त्वचेवरचा एक संसर्ग एवढं येतं. दात त्यात नाही. जीपीकडे जावं तर दाताचे उपचार त्यांच्या करारात नाहीत. दाढ ठणकली की माणूस या दोन्ही दारांतून बाहेर.

ही गोष्ट एका सोमवारची. माणसाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सोमवारी सकाळी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. शनिवार-रविवारची साठलेली प्रिस्क्रिप्शनं, आठवड्याचे गोळ्यांचे ट्रे, व्यसन सोडवायचं मेथाडोन घेणारे, डिलिव्हरीवाला दारात. काउंटर सांभाळणारी आमची बाई याच गावची, सगळ्यांची लग्नं-घटस्फोट तिला पाठ. तिने आतल्या खिडकीतून मला हाक मारली. ‘याला पॅरासिटामॉलची बत्तीस आणि लवंगेचं तेल पाहिजे. तू जरा बघ, मला काही बरोबर वाटत नाही.’

पन्नाशीचा गडी. कॅरव्हॅन पार्कवर दुरुस्तीची कामं करणारा. डावा गाल जबड्यापाशी फुगलेला. गेल्या तीन दिवसांत किती गोळ्या झाल्या हे तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच.’ हे उत्तर देताना त्याने पाकीट खिशातून काढलं नव्हतं, एवढंच तिला खटकलं.

मी त्याला मागच्या छोट्या खोलीत नेलं. खोली कसली, दोन खुर्च्या आणि रक्तदाबाचं मशीन. दार लावल्याबरोबर वास आला. सडलेल्या दाढेचा वास एकदा घेतला की विसरत नाही. तोंड दोन बोटं उघडत होतं, गिळता येत होतं, श्वास नीट होता, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याखाली गेली नव्हती. दाढेत सुपरमार्केटमधून आणलेलं तात्पुरतं सिमेंट त्याने स्वतःच बसवलं होतं. खाली पू, वरून झाकण.

‘कोणाकोणाला विचारलंत?’ मी म्हटलं.

त्याने माझ्यासमोर सगळी हकीकत मांडली. एका डेंटिस्टकडे तो वर्षानुवर्षं जात होता. दोनेक वर्षं गेला नाही, तेवढ्यात त्यांनी नाव काढून टाकलं. बाकीच्यांना फोन केले, सगळ्यांचं एकच, एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, नवे पेशंट घेत नाही. खाजगीत दाढ काढायला जो आकडा सांगितला तो ऐकून त्याने फोन ठेवला. सर्जरीचा ऑनलाइन फॉर्म भरला, उत्तर आलं की डेंटिस्टला दाखवा, तोवर पॅरासिटामॉल घ्या. रात्री १११ ला, एनएचएसच्या सल्ल्याच्या नंबरला, फोन केला. त्यांनी फोनवर नीट चौकशी केली, पॅरासिटामॉल चालू ठेवा म्हणाले आणि डेंटिस्टकडे तातडीची जागा मिळाली तर कळवू म्हणाले. जागा मिळाली ती चाळीस मैलांवर, दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या दिवशी व्हॅन गॅरेजमध्ये होती.

यात खोटं काहीच नव्हतं. एनएचएसच्या डेंटिस्टकडे कायमची नोंदणी ही गोष्टच २००६ च्या करारानंतर उरलेली नाही, लोकांना मात्र अजून वाटतं आपलं नाव तिथे आहे. त्याच कराराने डेंटिस्टला कामाचे गुण आणि त्या गुणांवर पैसे मिळायला लागले. एक दात भरला काय आणि चार भरले काय, गुण तेवढेच. २०२२ मध्ये थोडी दुरुस्ती झाली, पण तोवर बरेच डेंटिस्ट खाजगीकडे वळले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एनएचएसचे पेशंट घेणारा दवाखाना उघडला तर शेकडो लोकांची रांग लागली आणि पोलिसांना यावं लागलं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘दात काढायला एवढं काय, आपल्या गल्लीतच तीन डेंटिस्ट आहेत.’ इथे जीपीचे पैसे पडत नाहीत याचं तिला अजून कौतुक आहे. पैसे पडत नाहीत तरी भेट मिळत नाही, हे काही तिला पटवता आलेलं नाही.

मी त्याला म्हटलं, ‘पिशवीत, खिशात, गाडीत जे काही घेताय ते सगळं इथे टेबलावर काढा.’

जॅकेटच्या खिशांतून पाकिटं निघायला लागली. पॅरासिटामॉलची सोळा-सोळाची, तीन वेगवेगळ्या दुकानांची. एका वेळी मोठा साठा घरात जाऊ नये म्हणून १९९८ पासून इथे साध्या दुकानात सोळा आणि फार्मसीत बत्तीस गोळ्यांचंच पाकीट मिळतं. याने कायदा कुठेही मोडला नव्हता, फक्त दुकानं बदलली होती. मग को-कोडामॉल. ‘ती वेगळी गोळी आहे ना, जास्त स्ट्राँग.’ वेगळी नाही. त्या प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच असतं, सोबत थोडं कोडीन, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक. शेवटी सर्दीच्या लिंबू पावडरच्या रिकाम्या पुड्या. झोप लागावी म्हणून रात्री गरम पाण्यातून घेत होता. त्यातही पॅरासिटामॉल.

कागदावर बेरीज मांडली. दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे आठ गोळ्या. याचे रोजचे ९ ग्रॅमच्या वर जात होते, तीन दिवस. चावता येत नाही म्हणून पोटात सूप आणि व्हिस्की.

‘मळमळतंय?’

‘सकाळपासून. दाढेचंच असेल.’

पॅरासिटामॉलचा हाच दगा आहे. पहिल्या दिवशी माणूस ठीक दिसतो, फार तर मळमळ. लिव्हरमध्ये या औषधाचा विषारी भाग निकामी करणारा साठा असतो, उपाशी आणि दारू पिणाऱ्या माणसात तो आधीच कमी. साठा संपला की लिव्हर जळायला लागतं आणि डोळे पिवळे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. वेळेत रक्त तपासलं तर असिटिलसिस्टीन या उताऱ्याचं सलाईन लावून बहुतेक वेळा निभावतं.

‘तुम्हाला आत्ता हॉस्पिटलला जायचंय. ए अँड ईला, इमर्जन्सीत.’

तो हसला, म्हणजे उजव्या अर्ध्या तोंडाने. ‘दाढेसाठी? पाच तास बसवतील आणि डेंटिस्टकडे जा म्हणतील.’

‘दातासाठी नाही, लिव्हरसाठी.’

तरी पटेना. कामावर जायचं होतं, मालक बोलेल. मी बेरजेचा कागद त्याच्याकडे फिरवला आणि एकेक पाकीट आकड्यापाशी ठेवत गेलो. को-कोडामॉल ठेवल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘सगळ्यांनी मला पॅरासिटामॉलच घ्यायला सांगितलं होतं.’

सांगितलं होतं, आणि सांगणारा प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर होता. फॉर्मवर उत्तर देणारा बरोबर, १११ वरची बाई बरोबर. पण त्याची ही पाकिटं टेबलावर एकत्र कोणाला दिसली नव्हती, कारण टेबलच नव्हतं. आणि हा वास फोनवरून जात नाही. फोनवर तोही ‘पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच’ म्हणाला असणार.

कोडीन आणि व्हिस्की घेतलेल्या माणसाला गाडी चालवू देणं शक्य नव्हतं. आमच्या बाईने त्याच्या मालकाला फोन लावला, तो तिच्या बहिणीच्या शाळेतला. पंधरा मिनिटांत मालक स्वतः पिकअप घेऊन आला. मी चिठ्ठीत कोणती गोळी, किती, कधीपासून, शेवटची किती वाजता, वजन, दारू, मळमळ, सूज एवढं लिहिलं. पाकिटं पिशवीत घालून सोबत दिली आणि रिसेप्शनवर ‘दात’ हा शब्द पहिला काढायचा नाही असं बजावलं.

बाहेर आलो तर रांग दारापर्यंत. एक आजोबा म्हणाले, ‘तुमच्यापेक्षा सर्जरीचा फोन लवकर लागतो.’

आठवड्याच्या शेवटी तो आला. लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले होते, रात्रभर सलाईन, मग आकडे उतरले. सुजेसाठी अँटिबायोटिक मिळालं. दाढ तशीच होती, घरी सोडतानाच्या कागदावर डेंटिस्टला दाखवा असं लिहिलेलं. १११ मार्फत परत विचारलं, तातडीच्या जागेचे तेव्हाच्या दराने २७.४० पाउंडच पडले असते, पण त्या आठवड्यात जागाच नव्हती. मालकाने पगारातून उचल दिली आणि दाढ खाजगीत निघाली.

आता दातदुखीचा कोणीही आला की आमची बाई आधी खिसे रिकामे करायला लावते. काहींना राग येतो. गेल्या महिन्यात एका मुलीच्या पर्समधून तीन नावांची पाकिटं निघाली, तिन्हींत आयबुप्रोफेन.