करडं बटण

“मी अज्ञान?” पंधरा वर्षांची पक्षकार माझ्यावर उखडली.

चूक माझीच. वकीलपत्रावर ‘अ.पा.क. आई’ लिहिताना मी त्याचा अर्थ मोठ्यानं फोडून सांगितला होता: अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत अठराच्या आतला प्रत्येकजण अज्ञान. शब्द जुना आहे, पण लागतो खरा.

एका अ‍ॅपनं तिचं चित्र न विचारता जाहिरातीत वापरलं होतं. तक्रारीला उत्तर दोन ओळींचं: नोंदणीच्या वेळी तुम्ही ‘मला मान्य आहे’ दाबलंत, त्यात चित्रं वापरण्याची कायमची परवानगी आली.

“अटी वाचल्या होत्यास?”

“कोण वाचतं?”

(मीही वाचत नाही. ते बोललो नाही.)

“आणि वय?”

“खरं साल टाकलं की बटण करडंच राहायचं. मग चाक फिरवत गेले, निळं झालं तिथे थांबले.”

आईचा चेहरा पडला. मुलीनं खोटं सांगितलं म्हणजे केस गेलीच, असं तिनं धरलं. तसं नाही. करार कायदा १८७२ चा; कलम ११ प्रमाणे सज्ञान नसलेल्याला करार करताच येत नाही. १९०३ मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या गहाणखताच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील कोर्टानं, असा करार मुळातच शून्य ठरवला. गहाणखताला जे लागू तेच टिचकीला. वय खोटं सांगितल्यानं शून्याचा एक होत नाही. फसवून काही घेतलं असेल तर ते परत करायला कोर्ट लावू शकतं, एवढंच.

समोरचा वकील अमेरिकेतला निकाल काढणार, हे मला दिसत होतं. २००८ मध्ये निबंधांतली नक्कल शोधणाऱ्या टर्निटिन या साइटविरुद्ध गेलेली शाळकरी मुलं व्हर्जिनियातल्या कोर्टात हरली: फायदा घेतलात, आता लहान आहोत म्हणून अटी झटकता येणार नाहीत. २००९ मध्ये वरच्या कोर्टातही ती हरली, पण ‘रास्त वापरा’च्या, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला चालणाऱ्या वापराच्या मुद्द्यावर, कराराला त्या कोर्टानं हातच लावला नाही. शिवाय तिकडे असा करार मूल मोडू शकतं, आपल्याकडे तो जन्मतच नाही.

मी खुशीत मसुदा वाचून दाखवला: “सदर करार मुळातच शून्य असल्याने…”

“करारच नाही, तर माझं खातं कशावर चालू आहे?” पोरगी म्हणाली. “ते बंद करतील ना? तीन वर्षांची चित्रं आहेत त्यात.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नोटीस त्या दिवशी गेली नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ती एकेक चित्र उतरवून घेत राहिली. माझे दोन पक्षकार येऊन गेले, तरी तिचं संपलं नव्हतं.