घडी

परवा दुपारी पणजीत नवऱ्यासाठी शर्ट बघायला गेलो होतो. तो ट्रायल रूममध्ये आणि मी बाहेर, कुणीतरी उलटेपालटे करून टाकलेल्या ढिगासमोर. पाचव्या शर्टाची घडी घालत होते, तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, "ह्यात एक्सेल आहे?" मी खालून काढूनही दिला!

हे दुखणं १९९४ सालचं. बारावीची परीक्षा देऊन म्हापशात एका कापडाच्या दुकानात लागले. महिना सहाशे रुपये. तागा फळीवर आपटत उलगडायचा, मीटरपट्टीने मोजायचा, कात्रीने कड तोडायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचं. पॉपलीन सरळ फाटतं. रेशमाला हे करू नये, हे मला एका तुकड्याच्या किमतीत कळलं. एक ते साडेतीन शटर अर्धं खाली. पात्रांव, म्हणजे मालक, जेवून झोपायला घरी, आणि मी सकाळभर उलगडलेलं सगळं पुन्हा घडी घालत बसलेली. उलगडणाऱ्यांचा राग तेव्हापासूनचा. आजही दुकानात मी तिसरी साडी काढू देत नाही. दुसरी घेऊन मोकळी होते, मग घरी बोलणी खाते.

मे महिना, पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे दिवस. शुक्रवारचा बाजार मिरच्यांनी लालभडक. मिरच्या विकणारी एक म्हातारी बाजार आटोपला की यायची. हात पदराला तीन-तीनदा पुसायची आणि मग एकाच निळ्या फुलांच्या ताग्यावरून फिरवायची. "घेना गो, फकत पळयता." घेत नाही गं, नुसतं बघते. मिरचीचा खाट तिच्यामागे दुकानात राहायचा, मला शिंका यायच्या. चार शुक्रवार ताग्याची घडी मोडली, चार शुक्रवार मी घातली.

पाचव्या शुक्रवारी ती पायरी चढतेय तोच मी म्हटलं, "संपला तो."

तागा माझ्या पाठीमागच्या फळीवर होता. तिने माझ्या खांद्यावरून तिकडे पाहिलं. "बरें जालें," म्हणाली आणि पाटी उचलून गेली. पाऊस लागेपर्यंत मी तिथे होते. ती काही परत आली नाही.

नवरा बाहेर आला तेव्हा माझे नऊ शर्ट झाले होते. त्याला एकही बसला नव्हता.