तुमचं गाव कोणतं?

फोड टोचायचा तो कडेने. पाणी काढायचं, पण वरची कातडी सोलायची नाही; आतल्या कोवळ्या जागेला तेवढंच पांघरूण असतं. नर्सची नोकरी संपून चार वर्षं झाली तरी हात हे विसरत नाहीत. म्हणून ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात, तेव्हा गुरुवार पेठेतल्या आमच्या इमारतीच्या दारात आम्ही जुन्या मैत्रिणी एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कापूस-पट्ट्यांचं खोकं मांडून बसतो. पाय येतात, पाय जातात. चेहऱ्यांकडे बघायला फारशी सवड नसते.

2025 च्या जूनमध्ये, शनिवारी दुपारी, समोर आलेल्या उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड होता. टाचेच्या मालकीणबाई परभणीकडच्या, साठी ओलांडलेल्या. त्यांची दिंडी आमच्याच पार्किंगमध्ये उतरली होती. मी पट्टी कापत असताना त्यांनी विचारलं, "माउली, गाव कोणतं तुमचं?"

या प्रश्नाला मी जन्मभर अडखळत आले आहे. गळ्यातला क्रूस दिसला की लोक म्हणतात, "हो, पण मूळच्या कुठल्या?" जणू आमचे पणजोबा बोटीतून उतरले होते. ते नेवाशाजवळ ज्वारी पिकवायचे. मी तेवढंच सांगितलं. मावशी खुर्चीत सावरून बसल्या.

"नेवासं? माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ते? म्हंजे तुम्ही माउलींच्या गावच्या की!"

"पण मावशी, आम्ही ख्रिस्ती."

"बरं," त्या म्हणाल्या आणि डावा पाय पुढे केला. उठताना मात्र म्हणाल्या, "लोकांचे पाय किती बघताव? उद्या सासवडपर्यंत तरी चला."

उद्या रविवार होता. माझ्या नणंदेला हे कळलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "उपासना बुडवून विठोबाच्या वारीला?" मी आपली नारायण वामन टिळकांच्या आडोशाला गेले. ते 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. नणंद मान वर न करता म्हणाली, "ते पुलावरून इकडे आले. तू उलटी कुठे निघालीस?"

याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

पहाटे चारला चहाचं पातेलं घेऊन खाली गेले. आमच्या घरापासून पंचहौद मिशन हाकेच्या अंतरावर. तिथे 1890 साली लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळींनी चहा घेतला, तर पुण्यात केवढा गहजब झाला, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. माझ्या चहाला कुणी नाही म्हटलं नाही. एकीने "साखर कमी पडली" एवढं मात्र सुनावलं.

चहा झाला आणि मावशींनी बोचक्यातून हातभर केरसुणी काढली. अख्खं पार्किंग त्यांनी झाडून काढलं. मधोमध नाही, कोपऱ्यांपासून. आमच्या सोसायटीत पार्किंग कोणी झाडायचं यावरून किती बैठका झाल्यात ते विचारू नका. मी म्हटलं, "मावशी, राहू द्या, आता तुम्ही निघालातच ना?"

"निघालो म्हनूनच तर," त्या म्हणाल्या.

मी पातेलं धरून उभी राहिले, कारण मला माझे वडील आठवले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादांचं आवडतं वचन इब्री लोकांस पत्रातलं: आपल्याला येथे स्थायिक नगर नाही, येणाऱ्या नगराची आपण वाट पाहत आहोत. लहानपणी मला हे भारी गमतीचं वाटायचं. आम्ही राहायचो नगरलाच, आणि त्याच पत्रात अब्राहामाच्या वंशासाठी देवाने नगर तयार केलंय असंही होतं. आमचं नगर, चितळे रोडवाल्यांचं! (आता तर कागदोपत्री तेही नाव राहिलं नाही, अहिल्यानगर झालं.) पण आईला हे वचन आवडायचं नाही. छप्पर गळायचं. पावसाळ्याआधी कौलं बदला असं तिने म्हटलं, की दादा हे वचन काढायचे. मग आषाढभर घरात पातेली, तपेली, डबे मांडलेले. थेंब कशात पडला ते मला आवाजावरून सांगता यायचं. स्वर्ग आपलं खरं घर, आपण इथे परके आणि प्रवासी, हे मी नंतर असंख्य वेळा ऐकलं, बहुतेक कुणाच्या तरी शवपेटीजवळ उभं राहून. आणि दर वेळी माझ्या कानात टप्, टप् सुरू व्हायचं.

निघालो. पुलगेट, भैरोबा नाला, आणि हडपसरच्या पुढे दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकोबा सरळ लोणी काळभोरला, माउली उजवीकडे सासवडला. सुमारे 30 किलोमीटरची ही चाल, सगळ्या वारीतली मोठी. दुपारी वडकीजवळ टेकलो आणि मी डबा उघडला. चपाती आणि अंडाभुर्जी. आजूबाजूला राजगिऱ्याचे लाडू, केळी, साबुदाण्याची खिचडी. एकादशी! झाकण इतक्या जोरात लावलं की बोट चिमटलं. डबा शेवटी बंदोबस्तावरच्या एका पोलिसाने संपवला, देव त्याचं भलं करो.

दुसरी फजिती पायांची. नवे बूट घालून चालायला जाऊ नये हे मी आदल्या दिवशी किमान पन्नास जणांना सांगितलं होतं. दिवे घाटाच्या पायथ्याशी माझ्याच करंगळीने दगा दिला. मावशींनी जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, करंगळीला गुंडाळली आणि बूट पिशवीत टाकून मला त्यांची जास्तीची चप्पल दिली. निर्जंतुक कापसाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. त्यांच्या घुंगरांचा आवाज टाळांत मिसळतो, वरून पावसाची भुरभुर, आणि हजारो माणसं एका दमात चढत असतात. खाली मस्तानी तलाव, मागे धुरकट पुणं. बायबलात लोटाची बायको मागे वळून बघते आणि मिठाचा खांब होते; इथे प्रत्येक वळणावर अशा लोटाच्या बायका मागे वळून सेल्फी काढत उभ्या. त्यांत मीही होते. रथ जवळून गेला तेव्हा लोक पुढे झेपावले. मी झाले नाही. ती माझी जागा नव्हती, आणि मावशींनी ते न सांगता ओळखून मला कडेला घेतलं. सगळे देव एकच वगैरे आम्ही दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही. मला ते बरं वाटलं.

"मग तुमची वारी कुठं असती?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

मी बोट वर केलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"वर तर समद्यांलाच जायचंय," त्या हसल्या. "चालत कुठं जाताव, ते विचारले."

पुढच्या दिंडीने तुकोबांचा अभंग धरला, आम्ही जातो आपुल्या गावा. मी ऐकत राहिले. निरोपाचे शब्द, आणि चाल मात्र अशी की पाय आपोआप उचलावेत. आमच्याकडे स्वर्गाची गाणी आम्ही इतकी रडत का म्हणतो, असं तेवढ्यात मनात आलं. मीही हळूच आमचं एक भजन त्या टाळांवर म्हणून पाहिलं. बसत होतं. एका ठिकाणी मात्रा कमी पडली, तिथे श्वास घेतला.

सासवडला पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. कऱ्हेच्या बाजूला कुणाच्या तरी रानात दिंडीचा तंबू. मी पाणी पीत बसले आणि मावशी मुक्कामाच्या जागेकडे वळल्या. आधी खडे वेचले. मग तांब्याने पाणी शिंपडलं, हाताने जमीन सारखी केली, दगडांची एक ओळ लावून चपलांची जागा ठरवली, डोक्यावरची तुळस उंचवट्यावर ठेवली. सासवडच्या दोन रात्री झाल्या की ही जागा सुटणार, पुढे जेजुरी. तरी एक खडा पुन्हा टोचला म्हणून त्यांनी पथारी उचलली, तो काढला, पथारी परत घातली.

कौलं बदलायला आमच्याकडे पैसे नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. दादांनी वचन का पुढे केलं असेल तेही. पण पैसे आल्यावरही छप्पर गळतच राहिलं, हेही खरं.

मी बसने परत आले. निघताना मावशींनी नातवाने दिलेल्या फोनमध्ये माझा नंबर माझ्याचकडून भरून घेतला. नाव काय टाकू विचारलं तर म्हणाल्या, "नेवासं टाका."

6 जुलैला आषाढी, आणि तोही रविवारच. मी उपासनेत होते, नणंद शेजारी. बाहेर आल्यावर फोनवर तीन मिस्ड कॉल दिसले. लावला. पलीकडे एवढा गलबला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"पोचलो!" मावशी ओरडत होत्या. "रांग लई मोठी हाय, पर कळस दिसला!"

मीही ओरडून विचारलं, "पाय कसा आहे?"

"काय?"

"पाय! पाय कसा आहे?"

"कंचा पाय?" त्या म्हणाल्या.