दिवे लुकलुकतात तेव्हा आधी न्यूट्रल तपासावा

एप्रिल उजाडला आणि खानदेशात कूलर माळ्यावरून खाली उतरले, की एक तक्रार घरोघरी ऐकू येऊ लागते. दिवे लुकलुकतात, पंखा मंदावतो आणि थोड्या वेळाने सगळे आपोआप पूर्ववत होते. यावर पहिला उपाय म्हणून बहुधा दिवा बदलला जातो. जळगाव आणि आसपासच्या गावांत घरगुती वायरिंगची कामे करताना माझे मत पक्के झाले आहे, की एकच दिवा लुकलुकत असेल तर दोष त्या दिव्यात, होल्डरमध्ये किंवा स्विचमध्ये शोधावा. परंतु दोन-तीन खोल्यांतले दिवे एकाच वेळी लुकलुकत असतील, तर दोष कुठल्या तरी सैल जोडात असतो आणि तो जोड पुष्कळदा न्यूट्रलचा, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या वायरीचा, निघतो.

हा दोष उन्हाळ्यातच वर येतो, याला कारण आहे. 9 वॅटच्या एलईडी दिव्याला 230 व्होल्टवर जेमतेम 0.04 अँपिअर प्रवाह लागतो आणि एवढा प्रवाह सैल जोडातूनही निभावून जातो. कूलर, फ्रीज, पाण्याची मोटर आणि इस्त्री एकाच वेळी चालू लागली, की त्याच जोडावर खरा भार येतो. जोडाचा रोध अर्धा ओहम आहे आणि त्यातून 10 अँपिअर प्रवाह जात आहे असे धरले, तर तिथे 5 व्होल्ट कमी होतात. हे 5 व्होल्ट दिव्याच्या उजेडात दिसणारही नाहीत, मात्र त्या एवढ्याशा जोडात 50 वॅट उष्णता सतत निर्माण होत राहते. त्या उष्णतेने वायरीवरचे प्लास्टिक कडक होऊन तपकिरी पडते, स्क्रू आणखी सैल होतो आणि बोर्डाजवळ जळकट वास येऊ लागतो. असा वास आल्यावर लुकलुकणे थांबले तरी निर्धास्त राहू नये.

जुन्या घरांत, विशेषतः धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांत, याला आणखी एक कारण जोडले जाते. मूळ वायरिंग ॲल्युमिनियमचे असते, पुढे वाढवलेले तांब्याचे असते आणि दोन्ही वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली असते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, उष्णतेने ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि पावसाळ्यात धाब्यातून झिरपलेल्या ओलाव्याने दोन धातूंमधला सांधा कुजतो. असा जोड पुन्हा पिळून घट्ट करण्यात अर्थ नाही. तो कापून योग्य कनेक्टरने नव्याने करावा लागतो.

तपासणीला आधी पेचकस लागत नाही, नजर लागते. कूलरची किंवा पाण्याची मोटर सुरू होताना दिवा क्षणभर मंद होणे स्वाभाविक आहे, कारण सुरुवातीला मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. मोटर चालू असेपर्यंत दिवे फडफडत राहिले, तर मात्र दोष आहे. त्यानंतर शेजारी विचारावे. शेजाऱ्यांकडेही हेच होत असेल तर दोष खांबावर किंवा डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर आहे. गल्लीतल्या काही घरांत दिवे मंद आणि काही घरांत एकाएकी डोळे दिपतील इतके प्रखर झाले, तर थ्री फेज लाइनचा न्यूट्रल तुटलेला असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी काही घरांत दाब 400 व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. तेव्हा कशाचीही वाट न पाहता मेन स्विच बंद करावा आणि 1912 वर तक्रार नोंदवावी. खांबापासून मीटरपर्यंतच्या जोडांना आणि सीलला घरच्या माणसाने किंवा खासगी वायरमननेही हात लावू नये.

दोष घरातच असेल तर साधा टेस्टर बरेच सांगून जातो. सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटत असेल आणि उपकरण मात्र चालत नसेल, तर न्यूट्रल मागे कुठेतरी तुटला आहे, कारण चालू ठेवलेल्या दुसऱ्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीचा दाब, न्यूट्रलच्या वायरीत उतरलेला असतो. बोर्ड उघडण्यापूर्वी मेन बंद करावा आणि टेस्टरने पुन्हा खात्री करावी.

याच ठिकाणी आपल्याकडे एक अत्यंत घातक युक्ती केली जाते. न्यूट्रल मिळत नाही म्हणून अर्थिंगची वायर न्यूट्रलच्या जागी जोडली जाते, दिवा लागतो आणि काम झाले असे समजले जाते. मी हे जिथे पाहतो, तिथे आधी ती जोडणी काढतो आणि मगच पुढचे बोलतो. तापी खोऱ्यातली आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि तिचा रोध खूप वाढतो. 1000 वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारे 53 ओहम असतो. कोरड्या अर्थिंगचा रोधही तितकाच झाला असेल, तर इस्त्री लावताच अर्थच्या वायरीवर 115 व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि तोच दाब थ्री पिनच्या मोठ्या पिनेतून कूलरच्या पत्र्यावर पोहोचतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कूलरमध्ये पाणी भरणाऱ्या माणसाच्या जिवावर हे बेतते.

काही दिवे बटण बंद केल्यावरही अंधुक मिणमिणतात. स्विचमध्ये इंडिकेटरचा बारीक दिवा नसेल, तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवला आहे का हे पाहावे. तसे असल्यास बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो.

कूलर लावण्यापूर्वी अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पाइपात पाणी ओतावे आणि उन्हाळाभर ते अधूनमधून ओतत राहावे. कोळसा-मीठ जुने झाले असेल तर ते बदलून घ्यावे. एमसीबी आहे म्हणून शॉकपासून संरक्षण आहे असे समजू नये, कारण एमसीबी जादा भारावर आणि शॉर्ट सर्किटवर पडते, म्हणजे आपोआप बंद होते. शरीरातून जाणारा थोडा प्रवाह तिला कळत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच, वेगळी बसवावी लागते आणि तिच्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते की नाही हे पाहावे लागते. कूलरला टू पिनचे एक्स्टेन्शन लावू नये. पाणी भरताना प्लग काढूनच ठेवावा, कारण नुसता स्विच बंद केला आणि तो न्यूट्रलवर असला, तर पंपापर्यंत फेज तसाच पोहोचलेला असतो.