रेल्वेच्या जाग्यात

गुडघ्याला तेल चोळून बसलोय. ही आत तुरीच्या शेंगा सोलते आहे आणि थोड्या थोड्या वेळाने विचारते, काय झालं. काहीच झालेलं नाही. झालं असतं तर सांगून मोकळा झालो असतो, वही काढावी लागली नसती.

सकाळी सायकल घेऊन बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या लाइनीवर गेलो होतो. अंजनगाव स्टेशनच्या मागून निघायचं, पानमळे मागे टाकायचे आणि कापूसतळणीच्या बाजूने जमेल तेवढं जाऊन यायचं, हा आता नेमच झाला आहे. रूळ अजून आहेत. कुठे मातीत बुडालेत, कुठे दोन रुळांच्या मधोमध उगवलेली बाभूळ माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. रुळांमधून सायकल चालायचा प्रश्नच नाही, कडेने पायवाट पडली आहे तिच्यावरून चालते. डिसेंबरची थंडी, शेंगांनी लवलेल्या तुरी, उत्तरेला गाविलगडाचे डोंगर. बरं वाटतं. खरं सांगायचं तर फार बरं वाटतं, आणि आज तेच नडलं.

कपाशीत बाया वेचत होत्या. त्यातली वयाने सगळ्यात मोठी धुऱ्यापर्यंत आली होती, ओटी भरत आलेली. माझं हेल्मेट आणि जावईबापूंनी दिलेलं ते चमकत्या पट्ट्यांचं भडक जाकीट पाहून तिने हात थांबवला.

"मोजाले आले काय साहेब? गाडी चालू व्हते का आता?"

"नाही माय, मी रेल्वेचा नाही."

"मंग रेल्वेच्या जाग्यात काऊन फिरून रायले?"

"सायकल चालवतो."

"कुठी चालले?"

"कुठी नाही. असंच."

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं, शेजारच्या तासातल्या बाईला म्हणाली, "असंच म्हनते व माय," आणि पुढच्या बोंडाला हात घातला. आमचं बोलणं तिच्यापुरतं तिथे संपलं. माझं अजून चालू आहे.

आधी वाटलं, ओळखलं नाही याचा राग आला असेल. एके काळी या लाइनीवरच्या प्रत्येक गावात मला कोणी ना कोणी 'गुरुजी' म्हणणारं होतं. आता हेल्मेट काढल्याशिवाय ओळख पटत नाही आणि काढल्यावरही पटेलच असं नाही. रिटायर माणसाला सकाळी घरातून बाहेर पडायला कारण लागतं, ते रोज नवं कुठून आणायचं? मोठी मुलगी दिवाळीला येते म्हणाली होती, आली नाही. धाकट्या भावाशी धुऱ्यावरून जे झालं ते झालंच. असो. हे सगळं मनात घेऊन सायकल मारतो आणि वर एक अनोळखी बाई विचारते, काऊन फिरून रायले!

पण नाही. ओळखलं नाही म्हणून राग आलेला नाही. तिच्या प्रश्नात काही वाकडं नव्हतं. त्या पायवाटेवर मला रोज माणसं भेटतात. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाया, डबा घेऊन शेताकडे निघालेले सालदार, बकऱ्या घेतलेली पोरं. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. पांदणीत काळ्या मातीचा चिखल गुडघाभर, बैलगाडी फसते, ट्रॅक्टर फसतो, आणि तेव्हा लाइनीचा उंच भराव हीच एक धड चालायची जागा उरते. म्हणजे ती वाट रोज वापरात आहे. तिच्यावरून कुठेही पोचायचं नसताना जाणारा मी एकटाच. बाईने एवढंच पाहिलं आणि एवढंच विचारलं.

हे सायकलीचं वेड मार्चमध्ये न्यूझीलंडहून, मोठीकडून घेऊन आलो. तिथे ओटागो सेंट्रल रेल ट्रेल आहे, मिडलमार्चपासून क्लाइडपर्यंत १५२ किलोमीटर. आम्ही त्यातला एक तुकडाच केला, तोही भाड्याच्या सायकलींवर, पण माझं डोकं फिरवायला तेवढा पुरला. आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून लाइन टाकणाऱ्यांनी डोंगर फोडून, दऱ्यांवर पूल बांधून वाट जवळजवळ सपाट ठेवलेली. सगळ्यात कठीण चढसुद्धा पन्नास मीटरला एक मीटर. माझ्या गुडघ्यासाठीच आखल्यासारखी. पूलबर्नच्या घळीत दोन बोगदे, आत इतका अंधार की बॅटरी लागते, आणि ३७ मीटर उंचीचा पूल, त्यावर आता फळ्या आणि कठडे. गँगमनच्या शेडसारख्या शेडी उभ्या केल्यात, त्यात बसून डबा खायचा आणि भिंतीवरचा इतिहास वाचायचा. स्टेशनांवर आपल्या वहीत शिक्का मारून घ्यायचा. मी शाळकरी पोरासारखा प्रत्येक ठिकाणी शिक्का मारला. जावईबापू फोटो काढत होते, त्याचंही काही वाटलं नाही.

शेवटच्या मुक्कामी मोठी म्हणाली, "बाबा, आपल्या शकुंतलेचं असं करता येईल ना?"

येईल म्हणालो. नुसतं म्हणालो नाही, रात्री झोपेपर्यंत तिला समजावत बसलो. यवतमाळ ते मुर्तिजापूर, मुर्तिजापूर ते अचलपूर, दोन्ही फाटे मिळून १९० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे यांच्यापेक्षा लांब. आपल्याकडे चढ तर नाहीच. वाटेत कारंजा आहे, दारव्हा आहे, दर्यापूर आहे. परतवाड्यातून वर चिखलदऱ्याला जाता येईल. लोकांच्या घरी मुक्काम, ज्वारीची भाकर, ठेचा, सोल्यांची भाजी. मला सगळं दिसत होतं.

परत आल्यावर हेच पानठेल्यावर सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मास्तर परदेशातून आलाय, बोलू द्या. एकाने फक्त विचारलं, "अन् रूळ?" मी विषय बदलला. कारण तिथे पहिलं काम रूळ उचलण्याचंच झालं होतं. १९९० मध्ये गाडी थांबली, रूळ-स्लीपर गेले, १९९३ मध्ये सरकारच्या निसर्गसंवर्धन खात्याने जागा घेतली आणि २००० मध्ये वाट खुली झाली. रूळ काढा हे वाक्य इथे अंजनगावात, शकुंतलेसाठी उपोषणाला बसलेल्या माणसांसमोर, मी उच्चारणार नाही. उच्चारलेलं नाही. पण मनात?

दुपारपासून इथे येऊन अडतोय. पेपरात ब्रॉडगेजच्या सर्वेची बातमी आली की मी सगळ्यांबरोबर 'चांगलं झालं' म्हणतो. निवेदन आलं की सही करतो, मास्तरचं अक्षर चांगलं म्हणून मजकूरही मलाच लिहायला देतात. आणि तरी बातमी वाचताना आत कुठेतरी मन खट्टू होतं, हे आज त्या बाईने विचारल्यावर दिसलं. गाडी चालू व्हते का, असं तिने विचारलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की मग माझी सकाळ गेली.

स्वतःच्या बाजूने पुष्कळ बोलून पाहिलं. म्हटलं, ही लाइन आपल्यासाठी टाकलीच कुठे होती? ७६२ मिलिमीटरचा हा गेज टाकला तो वऱ्हाडचा कापूस मुर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीपर्यंत नेण्यासाठी, तिथून मुंबई आणि पुढे मँचेस्टर. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने टाकली, सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या नावावर राहिली, आणि स्वातंत्र्य आलं तरी मालकी कंपनीची अन् चालवणार भारतीय रेल्वे, असा कारभार चालला. कापूस मँचेस्टरला जायचा आणि इंजिन मँचेस्टरहून आलं, १९२१ सालचं. वाफेवरचं ते धूड १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल लागलं. कापूस केव्हाच ट्रकवर गेला आणि गाडीत माणसं उरली. म्हणजे लाइनीने एकदा धंदा बदललाच आहे. पुन्हा बदलला तर काय बिघडलं?

हे पटत आलं होतं. मग लक्षात आलं की पहिल्यांदा बदलली तेव्हा ती कापसाच्या गाठीवाल्यांकडून बिनपैशाच्या माणसाकडे आली होती. एसटीला द्यायला पैसे नाहीत त्यांची ती गाडी होती. आता बदलेल ती हेल्मेटवाल्याकडे.

ओटागोतही शेतकऱ्यांनी आधी नकोच म्हटलं होतं. पण तिथे गाडी थांबली तेव्हा लोक तिच्यात बसायचे केव्हाच सोडून गेले होते, प्रत्येकाच्या दारात मोटार. शेवटी शेवटी तर क्लाइडच्या धरणाचं सामान वाहण्यापुरती ती उरली होती. आधी गरज संपली, मग गाडी, मग वाट आली. आपल्याकडे गाडी थांबली आणि गरज तशीच बसून आहे, स्टेशनात. ही गोष्ट मला तिथे पुलावर उभं असताना कळायला काय हरकत होती? कदाचित कळली असेल. हवा फार छान होती.

आणि मी तरी कोण, गाडीत न बसलेला? पथ्रोटच्या शाळेत होतो तेव्हा तिच्यानेच जायचो. गार्डच तिकीट द्यायचा, फाटक लावायला गाडीतलाच माणूस उतरायचा, फाटक उघडून पुन्हा गाडीत. वेग असा की मागे राहिलेलं पोर धावत येऊन चढायचं. सहामाहीचे पेपर मी त्या बाकावर तपासले आहेत, आणि ती कुठल्यातरी शेताजवळ उगाच थांबली की सगळ्यांबरोबर तिला शिव्याही घातल्या आहेत. नवीन हेडमास्तरांनी उशिराबद्दल लेखी मागितलं तेव्हा तर जास्तच. चालू होती तोवर शिव्या, बंद पडल्यावर सह्या, आणि आता तिच्या जागेवर व्यायाम. एका गाडीकडून माणसाने किती वसूल करावं!

परत येताना मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, आत मोडलेला. हवा भरायचा पंप घरी. उतरलो, सायकल हातात धरली आणि चालू लागलो.

आणि एक गंमत झाली. भारा घेतलेल्या दोघी समोरून आल्या, "पंचर झाली का जी?" म्हणत बाजू देऊन गेल्या. बकऱ्यांवाल्या पोराने स्टेशनजवळचं दुकान उघडलं असल्याची खबर दिली. एक सालदार तर बरोबरच चालला, तुरीवर अळी किती पडली ते सांगत. कोणी विचारलं नाही काऊन फिरून रायले. बंद सायकल ढकलत पंक्चरवाल्याकडे निघालेला माणूस त्या वाटेवर कोणालाच खटकत नाही, त्याला कुठे जायचं आहे ते सगळ्यांना दिसतं. पायांना रग लागली, गुडघा बोलायला लागला, पण मनाला जरा उतार मिळाला.

पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात धरली तर आधीची ठिगळंही सुटायला आलेली. म्हणाला, "सर, लाइनीवर नका जाऊ ना, रोड हाय न चांगला." त्याला म्हटलं, तुझाच धंदा आहे बाबा. पुढच्या आठवड्यातल्या निवेदनाचा मजकूर अजून लिहायचा आहे. त्यात गाडीच मागणार, आणि खरी मागणार. मिळालीच तर माझ्या सकाळीचं मी बघून घेईन. मिळेपर्यंत मात्र जाणं थांबवणार नाही, एवढा साधू मी नाही.

कापूसतळणीला आमचे जुने हेडमास्तर असतात. तेच, लेखी मागणारे. पाय मोडून पडलेत असं ऐकून महिना झाला आणि मी नुसतं जायचं जायचं म्हणतोय. उद्या जातो. जाकीट घरी ठेवतो, हँडलला पिशवी लावतो, पिशवीत संत्री आणि पंप. वाटेत नाल्यावरच्या पुलाचे स्लीपर निखळलेत म्हणे, तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागेल. हेडमास्तरांनी विचारलं कसा आलास, तर लाइनीने आलो म्हणेन. उशीर झाला तर तेही त्यांना सवयीचं आहे.